फ्रेंडलिस्ट फुगते का आणि ती चाळायची कशी

दर दोन-चार महिन्यांनी फेसबुकवर कुणी ना कुणी ती पोस्ट टाकतंच, "लिस्ट साफ करतोय, ज्यांना राहायचंय त्यांनी कमेंटमध्ये हजेरी लावा." प्लीज असं करू नका. ती पोस्ट दिसते कुणाला, तर जे आधीच तुमच्या प्रत्येक फोटोला लाईक करतात त्यांना, हजेरीही तेच लावणार, आणि आठवीत तुमच्या बाकावर बसणारी जी मैत्रीण सहा महिन्यांतून एकदा फेसबुक उघडते ती काही कळायच्या आत लिस्टमधून बाहेर. म्हणजे ठेवायची ती माणसं गेली आणि रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो टाकून नव्वद जणांना टॅग करणारे तेवढे राहिले.

लिस्ट चाळायची तर आधी ती भरली कशी ते बघावं लागतं. फेसबुकवर ५,००० ची लिमिट आहे आणि तिथवर पोचलेली माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. "एवढे फ्रेंड्स लागतात कशाला" म्हणून त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण पाच हजार माणसं कुणी एका बैठकीत गोळा करत नाही. थरावर थर चढत जातात, प्रत्येक थराचं कारण वेगळं, आणि कुठला थर काढायचा, कुठल्याला हात लावायचा नाही हे त्या कारणावरून ठरतं. आकड्यावरून काहीही ठरत नाही, हे मला अगदी ठामपणे सांगायचंय.

आधी थर ओळखा

सगळ्यात खालचा थर बऱ्याच जणांचा ऑर्कुट या जुन्या सोशल साईटच्या सवयीचा असतो. ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आलं, फेसबुक त्याच्या पुढच्याच महिन्यात, पण आपल्याकडे आधी गाजलं ते ऑर्कुट. तिथे प्रोफाईलवर फ्रेंड्सचा आकडा सगळ्यांना दिसायचा, फॅन किती, टेस्टिमोनियल म्हणजे मित्रांनी लिहिलेलं कौतुक किती, स्क्रॅप म्हणजे प्रोफाईलवर टाकलेले मेसेज किती, सगळं मोजलेलं, आणि सायबर कॅफेत शेजारी बसलेल्याचा आकडा आपल्याहून मोठा दिसला की हात आपोआप ॲड फ्रेंडवर जायचा. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, तोवर सगळे फेसबुकवर आले होते आणि ती मोजायची सवय सोबत घेऊनच आले.

मग गेम्स. २००९ मध्ये फार्मव्हिल आलं, त्यात शेत वाढवायला शेजारी लागायचे आणि शेजारी म्हणजे फेसबुक फ्रेंड्स. लोक चक्क अनोळखी माणसांना "ॲड मी" म्हणत सुटायचे. तुमच्या लिस्टमध्ये कुठल्यातरी लांबच्या देशातला एखादा माणूस असेल आणि तो कुठून आला हे आठवत नसेल तर बहुतेक तो तेव्हा शेतावर आलेला आहे. फेसबुकवरचं ते फार्मव्हिल २०२० च्या शेवटी बंदसुद्धा झालं, शेजारी मात्र अजून तिथेच.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मामा, आत्या, मावशीच्या सासरचे, बाबांच्या ऑफिसातले रिटायर झालेले साहेब, सगळी मंडळी फेसबुकवर आली. हा थर भिडेचा. लग्नाच्या पत्रिकांची यादी करताना एकाला बोलावलं की त्याच्या चुलतभावाला वगळता येत नाही, तसंच इथे होतं. एका काकूंची रिक्वेस्ट घेतली आणि त्यांच्या जावेची तशीच ठेवली तर पुढच्या कार्यात ते बोलून दाखवलं जातं. घ्यायला काही लागत नाही, नाही घेतली तर मात्र बोलणी बसतात, मग माणूस घेऊनच टाकतो.

त्याच्यावर फेसबुकचा स्वतःचा हात आहेच. 'पीपल यू मे नो' हा ओळखीची असतील अशी नावं सुचवणारा कप्पा २००८ पासून आहे आणि त्यात नावाखाली लिहिलेलं असतं, चाळीस म्युच्युअल फ्रेंड्स. आपल्याला वाटतं चाळीस जण ओळखतात म्हणजे माणूस खात्रीचा असणार. पण त्या चाळीस जणांनीही असाच विचार करून त्याला घेतलेलं असतं, खात्री कुणीच केलेली नसते! बनावट प्रोफाईलवाले याच वाटेने आत येतात, गावातल्या एका ढिल्या माणसाने घेतलं की बाकीचे धडाधड घेतात.

आणि एक कारण असं की ज्यात कुणाचाच दोष नाही. स्कॉट फेल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये दाखवून दिलं की बहुतेक माणसांचे मित्र त्यांच्यापेक्षा जास्त मित्रवाले असतात. ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब सोपा आहे. ज्याचे चार हजार फ्रेंड्स तो चार हजार लोकांच्या लिस्टमध्ये दिसतो, ज्याचे तीस तो तिसांच्याच. म्हणजे तुमच्या लिस्टमध्ये मोठ्या आकड्याची माणसं जास्त असणारच, आणि ती रोज बघून आपण एकटे पडलोय, आपल्यालाच कुणी नाही असं वाटत राहतं. हे वाटणं गणितातून येतं, तुमच्या स्वभावातून नाही. रात्री झोप येत नाही म्हणून फोन हातात घेऊन रिक्वेस्ट पाठवत बसणाऱ्या कितीतरी पोरापोरींना हे कुणीतरी सांगायला हवं.

मोठा आकडा बघून लोक भारावतात असंही नाही. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या स्टेफनी टाँग आणि सहकाऱ्यांचा २००८ चा एक अभ्यास आहे, त्यात विद्यार्थ्यांना फेसबुक प्रोफाईल दाखवलं, बाकी सगळं तेच ठेवलं, फक्त फ्रेंड्सचा आकडा १०२, ३०२, ५०२, ७०२, ९०२ असा बदलला. हा माणूस मैत्री करण्यासारखा वाटतो का, याला सगळ्यात चांगले मार्क ३०२ वाल्याला मिळाले आणि त्याच्यापुढे मार्क खाली आले.

कामासाठी जोडलेल्यांचा थर वेगळा ठेवा

विमा एजंट, इस्टेट एजंट, ग्रामपंचायतीला उभं राहायची तयारी करणारा तरुण, दिवाळी अंकांना कविता पाठवणारा कवी, घरातून मसाले आणि पापड विकणाऱ्या ताई. यांच्या मोठ्या लिस्टला लोक हसतात, ते मला अजिबात पटत नाही. "माणसं जोडून ठेवावीत" हे आपल्या घरात लहानपणापासून सांगतात आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा लेख याच विषयावरचा आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यांना त्यांनी विचारलं की त्या ओळखीच्या माणसाला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता. वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६, आणि क्वचितच भेटणारे २७.८. म्हणजे रोजच्या बैठकीतल्या मित्रापेक्षा लांबच्या ओळखीनेच काम जास्त झालं. कारण जवळच्या मित्राला जी बातमी माहीत ती आपल्यालाही माहीत असतेच, नवी बातमी लांबूनच येते.

म्हणून चाळताना "याच्याशी माझं बोलणंच होत नाही" एवढ्या कारणावर कुणाला उडवू नका. बोलणं होत नाही पण एकमेकांना ओळखता, एवढं पुरेसं आहे.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, एसटीत कंडक्टर होते, कोल्हापूर–कुरुंदवाड रूटवर त्यांची बरीच वर्षं गेली. त्यांची लिस्ट भरली आणि नातीची रिक्वेस्ट घेता येईना म्हणून मला बोलावलं. मी शेजारी बसून नावं वाचत गेलो, मला वाटलं निम्मी तरी अनोळखी निघतील, तर काका एकेका नावाला स्टॉप सांगायला लागले. "हा जयसिंगपूरला चढायचा, कॉलेजला होता, आता वकील झालाय." "ही बाई पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायची, सुट्टे पैसे कधी नसायचे तिच्याकडे." "ह्याचा बाप शिरोळला गाडी थांबवून दुधाची किटली टाकायचा." शेकडो माणसं अशी, आणि रिक्वेस्ट पाठवणारेही तेच, ओळख त्यांनीच ठेवलेली. पण मध्येमध्ये परदेशी मिलिटरीच्या गणवेशातले साहेब, पूर्ण नाव नसलेल्या आणि एकच फोटो असलेल्या मुली, कुणाच्या नावापुढे क्रिप्टो, कुणाच्या लोन. त्या नावांपाशी काका गप्प. स्टॉप सांगता येत नाही म्हटल्यावर मी बोट दाबायचो, ते मान हलवायचे. नातीला जागा झाली, तिच्यासारख्या अजून बऱ्याच जणांना होईल एवढी झाली.

रॉबिन डनबार हे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ १९९२ पासून सांगतायत की माणसाला खरी नाती साधारण १५० च सांभाळता येतात, त्याच्या आत ५, १५, ५० अशी वर्तुळं, बाहेर ५०० ओळखीचे आणि नाव-चेहरा जुळवता येतो असे १,५०० च्या आसपास. हे वाचून काही जण लिस्ट दीडशेवर आणायला निघतात. तसं करायची गरज नाही. बाहेरची वर्तुळंही माणसाची स्वतःचीच असतात आणि काकांसारख्यांची ती फार मोठी असू शकतात. मात्र पाच हजारांत अशी नावं नक्की असणार ज्यांचा चेहराही आठवत नाही, आपल्याला फक्त तीच शोधायचीत.

आता प्रत्यक्ष चाळायचं

आधी तुमच्या लिस्टची तारखांसकट प्रत काढून घ्या. फेसबुकच्या सेटिंगमध्ये स्वतःची सगळी माहिती डाउनलोड करायची सोय आहे, मेनूची नावं अधूनमधून बदलतात म्हणून सेटिंगच्या सर्चमध्ये डाउनलोड नाहीतर एक्स्पोर्ट टाईप करून शोधा. सगळं नको, फक्त फ्रेंड्सचा भाग निवडा, एचटीएमएल फॉरमॅट घ्या म्हणजे फोनवरही नीट उघडतो. त्यात प्रत्येक नावापुढे कधी जोडलं ती तारीख येते आणि मग वर सांगितलेले थर सरळ दिसायला लागतात. एकाच आठवड्यात दोनशे नावं आली असतील तर तेव्हा काय चाललं होतं ते आठवा, गेम खेळत होतात, निवडणूक होती, नोकरी शोधत होतात, की लॉकडाऊनमध्ये घरात बसून होतात.

रोजचं काम वाढदिवसावर करा, यासारखी सोपी पद्धत मला तरी दुसरी माहीत नाही. पाच हजार भागिले ३६५ म्हणजे दिवसाला चौदाएक नावं. सकाळी आजचे वाढदिवस उघडायचे, जो ओळखीचा त्याला शुभेच्छा द्यायच्या, आणि ज्याला शुभेच्छा देताना हात अडखळतो, "हा कोण बरं" असं होतं, त्याचं प्रोफाईल उघडायचं. घाई नाही, वर्षभरात सगळी लिस्ट डोळ्याखालून जाते, शिवाय त्या निमित्ताने खऱ्या माणसांशी दोन शब्द बोलणंही होतं. ज्यांनी वाढदिवस लपवलाय ते राहतील, ते शेवटी डाउनलोड केलेल्या यादीतून बघा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, खास करून बायकांच्या बाबतीत. आपल्याकडे लग्नात आडनाव तर बदलतंच, काही घरांत ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नावही लिहितात. मग पाचवी ब मधली सुनीता जोशी फेसबुकवर मधुरा पाटील म्हणून असते, फोटो मुलाचा किंवा देवीचा, गाव भलतंच. तिने तुम्हाला शोधून रिक्वेस्ट पाठवलेली असते, कदाचित सोबत मेसेजही केलेला असतो जो तुम्ही वाचलाच नाही. म्हणून अनोळखी बाईचं नाव दिसलं की अनफ्रेंड करायच्या आधी म्युच्युअल बघा, त्यात शाळेतली दोन नावं आहेत का, जुन्या फोटोत कुणी वेगळ्याच नावाने कमेंट केलीय का, मेसेंजरमध्ये जुनं काही आहे का. खूप बायकांना माहेरची माणसं, शाळेतल्या मैत्रिणी पुन्हा सापडल्या त्या फेसबुकमुळेच, लग्न होऊन लांबच्या गावी गेल्यावर तो एवढाच धागा उरला होता. त्यांची लिस्ट वाढली ती या शोधाशोधीत. तुमच्या एका क्लिकने तो तुटायला नको.

प्रोफाईल बघून झालं की चारपैकी एक करायचं.

ज्याचा काहीच पत्ता लागत नाही, एकच फोटो, नाव अर्धवट, टाईमलाईनवर फक्त जाहिराती, तो अनफ्रेंड. त्याला नोटिफिकेशन जात नाही, घाबरू नका. २००९ मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने स्कीम काढली होती, दहा फ्रेंड्स उडवा आणि एक बर्गर फुकट घ्या, आणि उडवलेल्याला कळवायचेसुद्धा की तुला बर्गरसाठी काढलं! २,३३,९०६ मैत्र्या तुटल्यावर फेसबुकने ते कळवणं थांबवायला लावलं आणि ती स्कीमच बंद झाली.

ज्याला काढता येत नाही पण ज्याच्या पोस्टने डोकं उठतं, म्हणजे लांबचे भाऊजी आणि त्यांचे दिवसाला वीस राजकीय फॉरवर्ड, त्याला अनफॉलो करा. मैत्री तशीच राहते, त्याला काही कळत नाही, तुमच्यासमोर पोस्ट येत नाहीत. निवडणुकीपुरताच त्रास असेल तर तीस दिवसांचं स्नूझ आहे.

ज्याने तुमचं बघू नये असं वाटतं, ऑफिसातले साहेब, घरमालक, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांना रिस्ट्रिक्टेड लिस्टमध्ये टाका. तुम्ही पब्लिक ठेवलेलं तेवढंच आणि त्यांना टॅग केलेलं असेल ते त्यांना दिसतं. भिडेच्या थराला हा उपाय सगळ्यात चांगला, नातंही राहतं आणि घरातले फोटो गावभर होत नाहीत.

बाकीचे राहू द्या. खरंच राहू द्या.

आणि जे गेलेत त्यांच्याबद्दल. लिस्ट मोठी असेल तर त्यात वारलेली माणसं असतातच, आणि वाढदिवसाच्या दिवशी फेसबुक त्यांचं नाव वर आणतं, खाली माहीत नसलेले लोक केकचे फोटो टाकत असतात. ते नाव काढायची काही गरज नाही. घरच्यांशी तुमचं बोलणं असेल तर त्यांना एवढं सांगा की मृत्यूचा पुरावा देऊन ते अकाउंट स्मृती म्हणून ठेवता येतं, नावाच्या वर 'रिमेंबरिंग' येतं आणि वाढदिवसाची आठवण लोकांना जायची थांबते. हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं आणि दरवर्षी त्या एका दिवशी त्यांना फार त्रास होतो.

चाळून झाल्यावर दार लावा

फ्रेंडलिस्ट कुणाला दिसावी याची सेटिंग 'ओन्ली मी' करा, आजच करा. फ्रॉडवाले तुमचा फोटो आणि नाव उचलून दुसरं प्रोफाईल बनवतात आणि तुमच्या उघड्या लिस्टवरून एकेकाला मेसेज टाकतात, "अर्जंट आहे, जीपे करतोस का, संध्याकाळी देतो." लिस्ट दिसलीच नाही तर त्यांना तुमची माणसं सापडायला अवघड जातं. म्युच्युअल फ्रेंड्स तरीही दिसतात, तेवढं टाळता येत नाही. मे २०२० पासून आपल्याकडे प्रोफाईल लॉक करायची सोय आहे, आई, मावशी, कॉलेजातली बहीण यांच्या फोनवर ती तुम्ही स्वतः चालू करून द्या, नुसतं सांगून ते होत नाही. आणि कुणाचे पैसे गेलेच तर लाजून गप्प बसायचं नाही, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन करायचा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

रिक्वेस्ट कुणी पाठवावी हे 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स' वर ठेवा. कवी, एजंट, पापडवाल्या ताई, तुम्ही मात्र हे करू नका, तुम्हाला नवी माणसं हवीच असतात. तुम्ही पेज काढा नाहीतर प्रोफाईलचा प्रोफेशनल मोड चालू करा, मग लोक फॉलो करतात, फॉलोअर्सना पाच हजारांची लिमिट नाही, आणि घरच्या माणसांसाठी लिस्टमध्ये जागा राहते. पापड आणि मुलीचा बारशाचा फोटो एकाच लिस्टसमोर जायला नको.

शेवटी दोन जागा बघायच्या राहतात. एक, तुम्ही पाठवलेल्या जुन्या रिक्वेस्ट, त्या वर्षानुवर्षं तशाच लटकलेल्या असतात, ज्या आता नको त्या कॅन्सल करा. दुसरी, मेसेंजरमधलं मेसेज रिक्वेस्टचं आणि त्याच्या आतलं स्पॅमचं फोल्डर. त्यात कचरा असतो, लॉटरीवाले असतात, त्यांच्या कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका, पण पूर्ण खालपर्यंत एकदा स्क्रोल करा, कारण "ओळखलंस का, मी अमुक शाळेतली" असे मेसेजही तिथेच जाऊन पडतात. असा एखादा सापडला तर आधी शाळेचं, बाईंचं, बाकाचं काहीतरी विचारून खात्री करा, उत्तर बरोबर आलं की रिक्वेस्ट घ्या आणि नंबर मागून फोन लावा.